भंगार की माल? हॉट रॉडचा इतिहास, पार्ट्सचा शोध आणि आपला धंदा



जुन्या गाड्यांच्या पार्ट्सवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "सर, या धंद्यात खरंच पैसा आहे का?" व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं होतं. पण हा विषय दहा-बारा मिनिटांत संपणारा नाही. म्हणून इथे सविस्तर धडा. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आज केस स्टडी घेणार आहोत अमेरिकेतल्या 'हॉट रॉड' गाड्यांची. आता तुम्ही म्हणाल, आपण बसलोय सांगलीत, नाहीतर नाशकात, आणि अमेरिकेच्या गाड्यांचं काय करायचं? कारण सरळ आहे. तिथे हा धंदा गेली पंचाहत्तर-ऐंशी वर्षं चालू आहे. छंदातून दुकान कसं झालं, दुकानातून कारखाना कसा झाला, कोण कशावर कमावतो, हे सगळं तिथे स्पष्ट दिसतं. आपल्याला तयार उत्तरपत्रिका बघायला मिळतेय, तर बघून घेऊ.

आणि आजचा धडा एका वाक्यात सांगतो. लोखंड किलोवर विकलं जातं. ओळख पटलेलं लोखंड नगावर विकलं जातं. या दोन भावांमधला जो फरक आहे, तोच हा सगळा धंदा.

आधी समजून घ्या: हॉट रॉड म्हणजे काय?

१९३२ मध्ये फोर्ड कंपनीने सर्वसामान्यांना परवडेल अशा गाडीत आठ सिलेंडरचं व्ही-एट इंजिन दिलं. २२१ घनइंच, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ३.६ लिटर, आणि ताकद ६५ हॉर्सपॉवर. त्याआधीच्या फोर्डच्या 'मॉडेल ए'ला होती ४० हॉर्सपॉवर. फरक लक्षात आला ना?

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायला सुरुवात केली. मडगार्ड काढून टाकले, वजन कमी केलं, इंजिनात फेरफार केले आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर जाऊन वेग मोजायला लागले. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' काढली. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले. हातात थोडे पैसे, अंगात यंत्रकामाचं शिक्षण. मग या छंदाला जो जोर आला तो आजपर्यंत ओसरलेला नाही.

यातली सगळ्यात मानाची गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड. सालातल्या शेवटच्या दोनवरून तिला 'ड्यूस' म्हणतात. आता धंद्याच्या नजरेने एक गोष्ट बघा. हे डिझाइन फक्त एक वर्ष निघालं. पुढच्या वर्षी चॅसिस बदलली, जाळी बदलली, बॉडी बदलली. म्हणजे मागणी नव्वद वर्षांची आणि पुरवठा एका वर्षाचा. तुटवडा असाच जन्माला येतो.

धडा पहिला: गाडीचा इतिहास शोधायचा कसा?

समजा एखाद्या कोठारात मडगार्ड नसलेली ड्यूस सापडली. मालक म्हणतो, "ही १९४६ मध्ये तळ्यावर पळालेली आहे." हे खरं असेल तर गाडीचा भाव एक. नुसतीच जुनी, कुणीतरी साठ-सत्तरच्या दशकात बनवलेली असेल तर भाव दुसरा. दोन्हींत कित्येक पट फरक पडू शकतो. मग तपास करणारा माणूस काय करतो? पाच पायऱ्या आहेत.

पायरी एक: नंबर. १९३२ च्या व्ही-एट फोर्डचा नंबर '१८-' ने सुरू होतो, चार सिलेंडरवालीचा 'एबी' ने. हा नंबर चॅसिसच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असतो, पण त्यातला काही भाग बॉडीखाली दबलेला असतो. त्यामुळे बॉडी उचलल्याशिवाय पूर्ण खात्री होत नाही. दुसरी गंमत अशी की तिथल्या काही राज्यांत जुन्या काळी गाडीची नोंद इंजिनाच्या नंबरवर व्हायची. हॉट रॉडवाल्यांनी इंजिन बदललं की कागद एका नंबरचा आणि चॅसिस दुसऱ्याच नंबरची. नंबर जुळत नाही म्हणजे गाडी चोरीचीच, असं लगेच म्हणता येत नाही. पण का जुळत नाही याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवायचे.

पायरी दोन: कागद. जुनी नोंदणी, खरेदीच्या पावत्या, विम्याचे कागद, मालकांची साखळी. फोर्डने त्या काळातल्या प्रत्येक गाडीची स्वतंत्र जन्मपत्रिका जपलेली नाही. डिअरबॉर्नमधल्या 'हेन्री फोर्ड' संग्रहालयाच्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात कंपनीचे नकाशे आणि कागदपत्रं आहेत. त्यावरून मॉडेल कसं बनायचं ते कळतं. तुमच्या गाडीचं काय झालं, ते मात्र मालकांच्या साखळीतूनच काढावं लागतं. आजच्या मालकाने कुणाकडून घेतली, त्याने कुणाकडून, असं एकेक दार ठोठावत मागे जायचं.

पायरी तीन: त्या काळच्या खुणा. तळ्यावर वेग मोजला की असोसिएशन धातूची छोटी पट्टी द्यायची. त्यावर तारीख, वेग असा तपशील असायचा आणि पोरं ती अभिमानाने डॅशबोर्डवर लावायची. क्लबची ओतीव ॲल्युमिनियमची पाटी गाडीच्या मागे लटकायची. या वस्तू म्हणजे पुरावा. पण पट्टी सुटी विकतही मिळते आणि नवीही बनवता येते, त्यामुळे एकट्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. डॅशवरची जुनी भोकं पट्टीच्या मापाची आहेत का? रंगाच्या थरात पट्टीचा ठसा आहे का? असं बघतात.

पायरी चार: फोटो. 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ चा. रॉबर्ट पीटरसन यांनी ते सुरू केलं. त्यानंतरच्या दशकांत मासिकांत हजारो गाड्या छापल्या गेल्या. जुन्या अंकातल्या फोटोशी आजची गाडी ताडून बघतात. वेल्डिंगची जागा, फायरवॉलवरची भोकं, काच कापून किती बुटकी केलीय, दरवाजाच्या कडेची ठोकपीट. रंग बदलतो, इंजिन बदलतं, पण पत्र्यावरची जुनी जखम सहसा राहतेच.

पायरी पाच: पार्ट्सची वयं. ही मला सगळ्यात आवडणारी पायरी. हॉट रॉड म्हणजे वेगवेगळ्या सालांचे पार्ट एकत्र आलेली गाडी. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले १९३९ पासून. त्याआधी यांत्रिक ब्रेक होते. त्यामुळे ३२ च्या गाडीला ३९ नंतरचे ब्रेक लावणं ही सगळ्यांचीच पहिली सुधारणा. म्हणजे ३२ च्या गाडीला हायड्रॉलिक ब्रेक दिसले की एवढं नक्की, हे काम ३९ च्या आधीचं नाही.

आता आपल्या कोठारातल्या गाडीकडे या. मालक म्हणतो १९४६ मध्ये "याच इंजिनावर" पळाली. तुम्ही बोनेट उघडता. फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड इंजिनांची हेडं आधी २१ स्टडवर बसायची, १९३८ पासून २४ वर. १९४६ ते ४८ च्या इंजिनाच्या मागच्या घंटेसारख्या भागावर बहुतेक वेळा '५९' हा आकडा ओतलेला सापडतो. आणि १९४९ च्या मोटारींसाठी '८-बीए' नावाचं नवं इंजिन आलं, ज्यात स्टडऐवजी बोल्ट आहेत आणि मागचा घंटेचा भाग ब्लॉकपासून वेगळा आहे. समोर ८-बीए दिसलं, तर १९४६ ची गोष्ट या इंजिनाची असूच शकत नाही. गाडी कदाचित तीच असेल, इंजिन नंतर बदललेलं असेल. मालक खोटं बोलतोय असंही नाही. त्याला त्याच्या आधीच्या मालकाने जे सांगितलं तेच तो सांगतोय. पण तुमच्या हातात आता भाव करायला पक्का मुद्दा आला. पंधरा सेकंदांची नजर, आणि कदाचित हजारो डॉलरचा फरक.

सगळा इतिहास जुळला तर काय होतं, त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डोन स्पेन्सर यांची १९३२ ची रोडस्टर. ही गाडी हातोहात जाणकार मालकांकडेच गेली. मधली बरीच वर्षं ती नील ईस्ट यांच्याकडे होती, नंतर संग्राहक ब्रूस मायर यांनी घेतली. मालकांची साखळी माहीत, जुने फोटो उपलब्ध. पीट शपुरिस यांच्या शॉपमध्ये ती जुन्या रूपात परत आणली गेली. १९९७ मध्ये पेबल बीच या जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित गाड्यांच्या प्रदर्शनात हॉट रॉडना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला, आणि त्या वर्गात पहिली आली ती हीच गाडी. बुगाटी आणि रोल्स-रॉईसच्या मैदानावर पोरांनी गॅरेजमध्ये बनवलेली फोर्ड! तिला तिथपर्यंत नेणारी गोष्ट तिचा सिद्ध करता येणारा इतिहास होता.

धडा दुसरा: पार्ट ओळखायचा कसा, शोधायचा कुठे?

इतिहास कळला की यादी बनते: काय आहे, काय चुकीचं आहे, काय हरवलंय. मग पार्ट शोधणं सुरू.

ओळखण्याचं एक उदाहरण देतो. स्ट्रॉमबर्ग कंपनीचा '९७' नंबरचा कार्बोरेटर म्हणजे हॉट रॉडवाल्यांचा जीव. त्याच्या अंगावर ९७ हा आकडा ओतलेला असतो, कारण त्याच्या आतल्या गळ्याचं माप ०.९७ इंच. त्याच घराण्यातला '८१' दिसायला अगदी भाऊ, पण गळा ०.८१ इंच, आणि तो छोट्या इंजिनासाठी. धुळीने माखलेल्या खोक्यात दोन्ही सारखेच दिसतात. ज्याला आकडा कुठे बघायचा ते माहीत आहे, तो खोक्यातून बरोबर तेवढेच उचलतो.

दुसरं उदाहरण इंजिन ब्लॉकचं. फ्लॅटहेडमध्ये गरम धूर ब्लॉकच्या आतून फिरून बाहेर पडतो. ब्लॉक तापतो आणि व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ तडे जायची सवय असते. वरून चकाचक दिसणारा ब्लॉक आतून फुटलेला असू शकतो. म्हणून जाणकार आधी ब्लॉक साफ करून चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या वाटांची प्रेशर टेस्ट करून घेतो, मगच बोअरिंग-हॉनिंगवर खर्च करतो. तपासणीची पावती जोडलेला ब्लॉक आणि "चांगला आहे, घ्या" म्हणून दिलेला ब्लॉक यांचा भाव एक नसतो. पावती म्हणजे पुन्हा तेच, माहिती.

आता शोधायचं कुठे? तिथे चार वाटा आहेत.

१. स्वॅप मीट, म्हणजे जुन्या पार्ट्सचा बाजार. पेन्सिल्व्हेनियात हर्शी इथे पन्नासच्या दशकापासून दर ऑक्टोबरला भरतो, लॉस एंजेलिसजवळ पोमोनाला वर्षातून अनेकदा भरतो. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराचं गाड्यांपुरतं, कित्येक पट मोठं रूप समजा. लोक पहाटे अंधारात बॅटरी घेऊन फिरतात, कारण चांगला माल उजाडायच्या आत उचलला जातो.

२. भंगार यार्ड. इथे मदतीला असतो 'हॉलंडर' नावाचा जाडजूड संदर्भग्रंथ, १९३४ पासूनचा. कुठल्या गाडीचा कुठला पार्ट दुसऱ्या कुठल्या गाडीला बसतो, याची यादी. यार्डवाल्याच्या टेबलावर हे पुस्तक म्हणजे किराणा दुकानातला तराजू.

३. क्लब आणि जाहिराती. 'अर्ली फोर्ड व्ही-एट क्लब' १९६३ पासून आहे. 'हेमिंग्ज मोटर न्यूज' हे जाहिरातींचं मासिक १९५४ पासून. विकणारा आणि शोधणारा यांची गाठ घालून देणं, एवढंच त्याचं काम, आणि त्यावर ते इतकी दशकं टिकलंय.

४. नव्याने बनवलेले पार्ट. ओहायोमधली 'ब्रुकव्हिल रोडस्टर' कंपनी मॉडेल ए आणि ३२ फोर्डच्या स्टीलच्या पूर्ण बॉडी आज नव्या बनवते. स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटरसुद्धा पुन्हा नवा मिळतो, इंग्लंडमधली एक कंपनी बनवते.

नवा पार्ट वापरण्यात काहीही कमीपणा नाही. रोज चालवायच्या गाडीला तो उलट बरा. पण नवा पार्ट घासून, गंज चढवून जुना म्हणून विकला, तर ती फसवणूक झाली. या धंद्यात गिऱ्हाईक थोडं असतं आणि सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा शब्द गेला की दुसरं गाव शोधावं लागतं. म्हणून बिलावर स्पष्ट लिहा: मूळ, नवीन बनावटीचा, की दुरुस्त केलेला. हे तीन शब्द तुमच्या दुकानाचं नाव टिकवतील.

धडा तिसरा: या शोधातून कोणकोणते धंदे उभे राहिले?

आता वही नीट धरा, कारण खरी कमाई इथे आहे. वरची प्रत्येक अडचण कुणाचा तरी धंदा झाली.

विक एडलब्रॉक लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज चालवायचे. स्वतःची १९३२ ची रोडस्टर तळ्यावर पळवायचे. हवा तसा मॅनिफोल्ड बाजारात मिळेना, म्हणून स्वतः बनवला. तो बघून बाकीच्यांनी मागितला. त्यातून पुढे अमेरिकेतली मोठी पार्ट्सची कंपनी उभी राहिली. आधी स्वतःची गरज, मग शेजाऱ्याची, मग बाजाराची.

ॲलेक्स झिडियास सैन्यातून सुटले आणि १९४६ मध्ये बरबँकला 'सो-कॅल स्पीड शॉप' उघडलं. स्वतःच्या शॉपच्या नावाच्या गाड्या शर्यतीत उतरवल्या. जाहिरातीचा खर्च आणि छंद एकाच बिलात! दुकान १९६१ मध्ये बंद झालं, पण नावाची किंमत इतकी होती की १९९७ मध्ये त्याच नावाने ते पुन्हा सुरू झालं.

बिल स्मिथ यांनी १९५२ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन गावात 'स्पीडवे मोटर्स' सुरू केलं, ३०० डॉलर उसने घेऊन. लिंकन म्हणजे शर्यतींच्या कॅलिफोर्नियापासून कित्येक मैल लांब. पण टपालाने माल पाठवायला गाव कुठलंही चालतं. ज्या आडगावच्या पोराला जवळ स्पीड शॉप नव्हतं, तो त्यांचा गिऱ्हाईक झाला. तालुक्याच्या गावी बसून धंदा करू बघणाऱ्यांनी हे उदाहरण अधोरेखित करा.

आणि शेवटचं, माझं सगळ्यात आवडतं. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. गाडीचा नंबर द्या, पैसे भरा, आणि ती कारखान्यातून कुठल्या रंगात, कुठलं इंजिन, कुठल्या सोयी घेऊन बाहेर पडली ते कागदावर येतं. एक नटबोल्टही विकायचा नाही. निव्वळ माहितीचा धंदा!

आता हिशेब करू

बीबीएला असताना पुस्तकात वाचलं होतं की छोटा, ठरावीक बाजार पकडावा. ते बरोबरच आहे, पण त्या पुस्तकात अडकलेल्या मालाचं भाडं कोण भरणार हे नव्हतं! गेल्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलं, "सर, आमच्याकडे एक जुनं गॅरेज बंद होतंय, कार्बोरेटरचा अख्खा खोका देतो म्हणतायत. साठवलेले पैसे आहेत, घेऊ का?" त्याला फळ्यावर जो हिशेब करून दाखवला, तोच इथे देतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, बाजारभाव नाहीत.

खोक्यात ४० नग. मालक मागतोय ४०,००० रुपये.

- ८ नग चांगले, ओळख पटलेले. प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ३६,०००.
- १४ नग दुरुस्त होणारे. प्रत्येकी २,५०० प्रमाणे ३५,०००. पण प्रत्येकावर किट आणि मजुरी ९००, म्हणजे खर्च १२,६००.
- १० नग फक्त सुट्या भागांसाठी. प्रत्येकी ५०० प्रमाणे ५,०००.
- ८ नग निव्वळ भंगार. सगळे मिळून १,०००.

एकूण विक्री ७७,०००. खरेदी आणि दुरुस्ती मिळून खर्च ५२,६००. उरले २४,४००. पोरगं खूश झालं. थांबा म्हटलं. हा माल विकायला दीड वर्ष लागलं आणि जागेचं भाडं महिन्याला ५०० धरलं, तर ९,००० गेले. उरले १५,४००. साफसफाई, ओळख, फोटो, पॅकिंग यात तुमचे ६० तास गेले, तर तासाला साधारण २५७ रुपये पडले. वाईट नाही, पण स्वप्नातला आकडाही नाही.

आता दोन बदल करून बघा. पहिला: तुम्हाला नग ओळखताच आले नाहीत. मग सगळा खोका तुम्हीही ढिगातच विकणार. समजा ८,००० आले, तर खिशातले ३२,००० गेले. दुसरा: घेण्याआधी तुम्ही दोन तास बसून नग वेगळे केलेत, आणि मालकाला दाखवलंत की यातले १८ तर सुटे भाग नाहीतर भंगार आहेत. सौदा २८,००० ला तुटला. बाकी सगळं तेच धरलं तर नफा १५,४०० वरून २७,४०० झाला. विक्री एका रुपयानेही वाढली नाही. नफा खरेदीच्या दिवशीच ठरला होता.

त्या मुलाला मी "घे" किंवा "घेऊ नको" म्हटलं नाही. म्हटलं, आधी खोका उघडून बस आणि मला वर्गवारी करून दाखव. तुमचेही साठवलेले पैसे असेच असतील, म्हणून तुम्हालाही तेच सांगतो.

आपल्याकडे काय करता येईल?

आधी कायद्याचं बघू, कारण व्हिडिओ बघून काहीजण लगेच ग्राइंडर हातात घेतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. म्हणजे अमेरिकेसारखी हॉट रॉड बनवून रस्त्यावर विकायचा धंदा इथे डोक्यातून काढून टाका.

पण जुनी गाडी मूळ रूपात जपणं, याला मात्र कायद्याने स्वतंत्र जागा दिलीय. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चॅसिसमध्ये, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरवली गेली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांसाठी चालते. सध्याचा तपशील आरटीओत जाऊन खात्री करून घ्या.

यातली संधी बघा. नियमच म्हणतोय की गाडी मूळ पाहिजे. मग मूळ म्हणजे काय, कुठल्या साली कुठला पार्ट होता, हे सांगणारा माणूस लागणार. लॅम्ब्रेटा, जावा, येझदी, बुलेट, पद्मिनी, जुनी जीप. या गाड्या आपल्या गावागावांत उभ्या आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत पार्ट फिरतायत. सत्तरीतले मिस्त्री काका आहेत, ज्यांना नुसत्या हाताने चाचपून साल सांगता येतं. त्यांच्याकडे जाऊन बसा. चहा सांगा. "काका, हे कसं ओळखता?" एवढंच विचारा आणि लिहून घ्या. त्यांच्या डोक्यातला हॉलंडर अजून कागदावर उतरलेला नाही, आणि तो कायम आपल्यासोबत राहणार नाही.

दोन सूचना काळजीने सांगतो. खरवडलेल्या नंबरचं इंजिन किंवा चॅसिस कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. आणि जुना माल घेताना विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत आणि साधी का होईना पावती घ्याच. जुन्या वस्तूंच्या व्यापाराला जीएसटीत मार्जिन स्कीम आहे, म्हणजे अटी पाळल्या तर कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. तुम्हाला ती लागू होते का, हे सीएला विचारा. खरेदीची नोंदच नसेल तर फरक दाखवणार कशावरून?

गृहपाठ

१. एकच मॉडेल निवडा. "सगळ्या जुन्या गाड्या" असं चालणार नाही. एक मॉडेल, जमलं तर ठरावीक सालं.

२. त्या मॉडेलचे दहा पार्ट निवडा आणि प्रत्येकाला वहीत एक पान द्या. फोटो, अंगावरचा नंबर कुठे असतो, कुठल्या सालात काय बदललं, दुसऱ्या कुठल्या गाडीला बसतो, मूळ आणि नवीन बनावटीतला फरक.

३. दोन मिस्त्री, एक भंगारवाला आणि एक जुना मालक, अशा चौघांना भेटून ती पानं तपासून घ्या. चौघांचं एकमत नसेल तर तेही लिहा.

४. ही दहा पानं पूर्ण होईपर्यंत एक रुपयाचाही माल भरायचा नाही.

चौथा नियम सगळ्यात अवघड जाणार, मला माहितीय. स्वस्त खोका दिसला की हात शिवशिवतो. पण पानं भरून झाल्यावर त्याच खोक्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल, आणि समोरचा मालकही तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल.

कुठलं मॉडेल निवडलंत ते खाली कमेंटमध्ये लिहा. एकाच मॉडेलवाले दोघं-तिघं निघाले तर एकमेकांची पानं जुळवून बघता येतील. पुढच्या व्हिडिओत जुन्या मालाची वर्गवारी आणि कप्पे कसे लावायचे ते माझ्या दुकानातच दाखवतो.

भेटू मग. वही भरायला घ्या!